काम एका दिवसाचे, गाडी उभी तीन आठवडे
ट्रकची साधी दुरुस्ती इतकी महाग का पडते? गाडीमालक आणि मिस्त्री, दोघांनीही विचार करावा अशी गोष्ट

उल्हासनगर कॅम्प २ चा फर्निचर बाजार, जपानी बाजार आणि गजानन मार्केट ट्रक-टेम्पोवाचून चालत नाहीत. पलंग, कपाटे, कापडाचे गठ्ठे सारे चाकावरच येते आणि चाकावरच जाते. गाडी उभी राहिली की फक्त गाडीवाल्याचेच नुकसान होत नाही. माल अडकलेला दुकानदार, पॉलिश करून बसलेला कारागीर आणि रोजावर काम करणारा हमाल, सर्वांच्या खिशाला ती झळ बसते. म्हणून ट्रकच्या दुरुस्तीचा प्रश्न आम्ही आज या पानावर घेत आहोत.

मोठ्या अपघाताची किंवा इंजिन बसल्याची गोष्ट आम्ही करत नाही. त्या खर्चाची मनाची तयारी असते. माणूस बुडतो तो साध्या कामात. "उस्ताद, किती वेळ लागेल?" "भाई, संध्याकाळी घेऊन जा." या दोन वाक्यांनी सुरू झालेले काम तीन आठवडे चालते आणि हिशेब मागितला की दोघांची तोंडे दोन दिशांना होतात.

एक नमुना

नमुना म्हणून एक प्रसंग पाहू. त्यात कोणाचे नाव नाही, पण आमच्या अनेक वाचकांना तो आपलाच वाटेल.

सहा चाकी ट्रक. मालक स्वतःच चालवतो, सोबत एक क्लीनर. फर्निचर भरून नाशिककडे निघाला असता कसारा घाटात गाडी ओढेना. इंजिन जोरात फिरते, पण चाकाला जोर नाही. जळका वास येतो. कसाबसा माल पोहोचवून तो परत आला. मिस्त्रीने सांगितले, क्लच प्लेट गेली. निदान चूक नव्हते. ते अर्धे होते.

पहिल्या दिवशी गिअरबॉक्स उतरवताना गंजलेला एक बोल्ट आतच तुटला. तो ड्रिल मारून काढणे आणि आटे पुन्हा पाडणे यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील पाहिले तर तापून निळे डाग पडलेले, बारीक तडे दिसणारे. ते लेथवाल्याकडे गेले. लेथवाल्याकडे आधीची कामे होती. मधल्या काळात मिस्त्रीने दुसरी गाडी हातात घेतली, कारण त्यालाही घर चालवायचे आहे. चौथ्या दिवशी नवी प्लेट बसली, पैसे दिले, गाडी निघाली.

आठ दिवसांनी पुन्हा तोच घाट, पुन्हा तोच जळका वास. या वेळी माल रस्त्यातच दुसऱ्या गाडीत भरावा लागला आणि ट्रक ओढून आणावा लागला. गिअरबॉक्स उतरवला तर नवी प्लेट तेलाने माखलेली! इंजिनच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या आड, क्रँकशाफ्टचे ऑइल सील असते. ते गळत होते. पहिली प्लेटही झिजून गेली नव्हती; तेलाने सटकत होती. ज्या दिवशी फ्लायव्हील लेथवर गेले, त्या दिवशी सील उघडे समोर होते. तेव्हा ते बदलले असते तर खर्च नाममात्र आला असता.

सील बदलले, दुसरी प्लेट आणली. तरी चार दिवसांत पुन्हा थेंब दिसू लागले. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर बारीक चर पाडला होता आणि नवे सील त्याच चरावर बसले होते. पुन्हा गिअरबॉक्स खाली! घाईत तो बसवताना त्याचा सारा भार प्लेटच्या मधल्या भागावर लोंबकळला, प्लेट वाकली आणि आता गाडी उचलताना थरथरू लागली. असे करत तीन आठवडे गेले.

हिशेब मांडला तेव्हा क्लच प्लेटची किंमत हाच सर्वांत लहान आकडा निघाला. मजुरी तीन वेळा, प्लेट दोन वेळा, ओढून आणण्याचे भाडे, माल पलटी करण्याची हमाली, क्लीनरचा भत्ता, चुकलेल्या फेऱ्या आणि त्यावर फायनान्सचा हप्ता, जो गाडी उभी असली तरी थांबत नाही.

चूक कोणाची?

गाडीवाला म्हणेल मिस्त्रीची. मिस्त्री म्हणेल, "सेठनेच घाई केली. सील सांगितले असते तर म्हणाले असते, खर्च वाढवतो." आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

मिस्त्रीची चूक ही की त्याने बिघडलेला पार्ट बदलला, बिघाडाचे कारण शोधले नाही. प्लेट जळली, तर का जळली? बेअरिंग गेले, तर ग्रीस नव्हते की सील फाटले? फ्यूज उडाला, तर वायर कुठे घासते? हा एक प्रश्न विचारला नाही की तेच काम पुन्हा दारात येते. आमच्या समाजात गॅरेजचे काम करणारे हात पुष्कळ आहेत. लहानपणी हेल्पर म्हणून लागलेली मुले पुढे उस्ताद होतात. त्यांच्या हातात हुन्नर आहे. पण खोललेल्या कामाची दोन ओळींची नोंद ठेवण्याची सवय फार थोड्यांना आहे.

गाडीमालकाची चूक ही की तो काम देताना फक्त किंमत आणि वेळ विचारतो. स्वस्तात मिळाला म्हणून डुप्लिकेट पार्ट स्वतःच घेऊन येतो आणि तो फसला की दोष मिस्त्रीला देतो. ॲडव्हान्स देत नाही, मग पार्ट आणायला उशीर होतो. गाडी खोलून पडली की मिस्त्री दुसरे काम घेतो, नटबोल्ट एकमेकांत मिसळतात आणि पावसाळ्यात उघड्यावर काम असेल तर गिअरबॉक्समध्ये पाणी जाते.

पुराचे पाणी आणि एक सेल्फ

उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ चा दिवस सांगायला नको. २०१९ च्या जुलैतही बदलापूर-वांगणी पट्ट्यात पाणी चढले आणि महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. अशा वेळी बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू होऊ शकते. पण पाणी ओसरताच चालू होते का पाहू म्हणून सेल्फ मारला की काम वाढते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शेकड्यांचे काम लाखाच्या घरात जाते. वर विमा कंपनी हे नुकसान पुराचे नसून नंतरच्या कृतीचे आहे असे म्हणू शकते; कारण नेहमीच्या पॉलिसीत परिणामी नुकसान, झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. म्हणून बॅटरी काढा, गाडी ओढून न्या, विमावाल्याला कळवा आणि इंजिन, गिअरबॉक्स, हौदा या सर्वांचे तेल बदलल्याशिवाय चावी फिरवू नका.

नव्या गाड्यांचे नवे दुखणे

१ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ गाड्याच विकल्या जातात. त्यांच्या धुराच्या मार्गात गाळणी आणि सेन्सर असतात. बहुतेक ट्रकांत युरियाच्या पाण्याची वेगळी टाकीही असते. त्या द्रावणात युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के ठरलेले आहे. कोणी त्यात साधे पाणी मिसळले किंवा हलका माल भरला की आधी पिवळा दिवा लागतो, मग इंजिनची ताकद आपोआप कमी होते. इथे पाना चालत नाही, स्कॅनर लागतो. स्कॅनर नसलेल्या मिस्त्रीने अंदाजाने एकामागून एक सेन्सर बदलले तर मालक बुडतो आणि मिस्त्रीचे नावही जाते. ज्या उस्तादांची मुले या धंद्यात येत आहेत त्यांनी हे शिक्षण आता लांबणीवर टाकू नये. जुनी विद्या टाकाऊ झालेली नाही, पण एकटी पुरणार नाही.

कायदा काय म्हणतो

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्या कामासाठी वस्तू ताब्यात दिली ते काम कारागिराने केले असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवण्याचा हक्क त्याला आहे. म्हणजे मजुरी न देता गाडी ओढून नेणे मालकाला शोभत नाही. पण हा हक्क ठरलेल्या कामापुरता आहे. न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावून गाडी अडवता येत नाही. कलम १५१ प्रमाणे ताब्यातली वस्तू शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितक्या काळजीने सांभाळावी लागते. आपल्या भाषेत, गॅरेजात उभी गाडी ही अमानत आहे.

गाडीमालक ग्राहक ठरतो का? १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतः चालवून रोजीरोटी कमावण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. दुरुस्तीच्या तक्रारीतही असा मालक हाच आधार मांडू शकतो. अनेक ट्रकांच्या मालकाला ते कठीण जाईल. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तिथे पक्के बिल नसेल तर केवळ तोंडी बोलणे अपुरे पडते.

एवढे तरी करावे

गाडी लावताना एका कागदावर तक्रार, ठरलेले काम, अंदाजे खर्च आणि तारीख लिहा. दोघांनी सही करा. खोलल्यावर नवे काही निघाले तर मिस्त्रीने मालकाला बोलावून दाखवावे आणि होकार घेऊनच पुढे जावे. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर सील, बेअरिंग आणि प्लेट एकाच वेळी पाहून घ्या. सीलची किंमत थोडी असते, दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी मोठी. जुना पार्ट मालकाला परत द्या, म्हणजे शंका राहत नाही. पार्ट कोण आणणार आणि तो फसला तर मजुरी कोणाच्या अंगावर, हे आधीच ठरवा. आठ वर्षांवरील गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. तारखेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी गाडी दाखवा. घाईच्या कामात दोघेही चुकतात.

आमच्या नमुन्यातला मालक आणि मिस्त्री आज एकमेकांशी बोलत नसतील. दोघांचे नुकसान झाले. एकाच्या तीन आठवड्यांच्या फेऱ्या गेल्या, दुसऱ्याचे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक गेले. सील तपासायला तेव्हा पाच मिनिटे लागली असती आणि कागद लिहायला दहा. व्यापारी बांधवांनी आणि उस्तादांनी ही पंधरा मिनिटे यापुढे वाचवू नयेत, एवढेच आमचे सांगणे आहे.