लग्न लावायचे किती घ्यायचे?

नव्याने पौरोहित्य करू लागलेल्या माणसाला मंगलाष्टकांची चाल बसते, होमाचा क्रम पाठ होतो, पण वधूच्या वडिलांनी फोनवर "गुरुजी, दक्षिणेचं कसं काय?" असं विचारलं की जीभ अडखळते. मग "तुमच्या मनाला येईल ते द्या" असं उत्तर जातं. या उत्तराने यजमान कोड्यात पडतात. ते नातेवाइकांना विचारून कसाबसा एक आकडा काढतात, आणि पाकीट हातात आल्यावर गुरुजी मनातल्या मनात खट्टू होतात. आधी स्पष्ट सांगितलेला आकडा दोन्ही बाजूंचा मान राखतो, असं मला मनापासून वाटतं.

याला इतिहासाचाही आधार आहे. महाराष्ट्रातल्या गावांत जोशीपण हे वतन होतं. लग्न दुसऱ्या कुणी लावलं, तरी गावजोशी आपल्या हक्काची दक्षिणा मागू शकत असे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने भटजींशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हा हा हक्क कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला. 1926 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि ज्याला बोलावलंच नाही, त्याला दक्षिणा देण्याचं बंधन संपलं. म्हणजे आज आपण जे घेतो, ते यजमानांनी आपणहून बोलावल्याबद्दल आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाबद्दल. तेव्हा आकडाही कामावरूनच काढायला हवा.

काम किती, ते आधी कागदावर मांडा. लोकांना मांडवातले दोन-तीन तास दिसतात. त्याआधी घरी एक बैठक होते, साहित्याची यादी करून द्यावी लागते, "तांब्याचे कलश चालतील का?" असे फोन येत राहतात. आदल्या संध्याकाळी सीमंतपूजन असतं. लग्नाच्या सकाळी किंवा आदल्या दिवशी पुण्याहवाचन, देवक बसवणं, ग्रहमख. मग गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी आणि शेवटी घरी लक्ष्मीपूजन. यातलं कुठलं यजमानांना हवं आहे, हे पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावं. देवक आणि ग्रहमख दोन्ही घरी वेगवेगळं असतं. दोन्हीकडचं काम एकाच गुरुजींकडे आलं, तर तो हिशेब निराळा मांडायला हवा.

आता आकडेमोड. पुढचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, आपापल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, घर चालवायला वर्षाला 4,80,000 रुपये लागतात. सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्धपक्ष यांतून निम्मे येतात. उरलेले 2,40,000 लग्नांतून यायला हवेत. पंचांगात सोयीचे 40 दिवस दिसतात म्हणून 40 ने भागलं, तर एका लग्नामागे 6,000 येतात. इथेच बहुतेक जण चुकतात. पंचांगातले दिवस आणि आपल्याकडे येणारी लग्नं सारखी नसतात. एकाच मुहूर्ताला तीन घरांतून बोलावणं येतं, त्यातलं एकच घेता येतं; दुसऱ्या एखाद्या दिवशी कुणीच बोलावत नाही. लग्नं 30 च मिळतील असं धरलं, तर हेच 8,000 होतात. त्यात मदतीला घेतलेल्या गुरुजींचे 2,500, पूजासाहित्य आपणच आणणार असू तर त्याचे 2,000 आणि प्रवासाचे 800 मिळवले की 13,300. एवढं हाताशी असलं की कुणी घासाघीस केली तरी कमी काय करता येईल ते कळतं. साहित्य यजमानांनी आणलं तर 2,000 उतरतील. मदतनिसांचे पैसे मात्र कापू नयेत. होम चालू असताना दुसरा जाणता हात लागतोच.

चातुर्मासात मागणी ओसरते. दाते पंचांगात त्या काळासाठी गौणकालातले मुहूर्तही दिलेले असतात, तेव्हा थोडी सवलत देणं योग्यच. उलट भर हंगामात, कुणी अडला आहे म्हणून दर वाढवणं मला पटत नाही. सकाळचं एक आणि गोरज मुहूर्ताचं दुसरं, अशी दोन लग्नं एका दिवसात घेण्याचा मोहही टाळावा. पहिल्या मांडवातला होम घाईत उरकला जातो आणि ते घरच्यांच्या लक्षात येतं.

सर्वांत जास्त कटुता येते ती मांडवात. संकल्प झाला की ताम्हनात दक्षिणा, मग गोदानाची, मग भूयसी. प्रत्येक वेळी वधूचे वडील खिशात हात घालतात आणि ठरलेली रक्कम शेवटी वेगळी द्यावी लागते. विधीचा भाग म्हणून सुपारीवर नाणं ठेवणं ठीक आहे. पण हे सगळं ठरलेल्या रकमेत धरलं आहे की वेगळं, ते आधी सांगायलाच हवं. ग्रहमखाचे तांदूळ, नारळ, वस्त्रं कुणाची, हेही त्याच वेळी बोलून घ्यावं.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकवलं. तिथल्या पद्धतीत मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत विधी होतात, वेळ आटोपशीर असतो. असं लग्न लावणाऱ्यांना "तासाभराचंच काम, मग एवढे का?" हा प्रश्न ऐकावा लागतो. नेमकं बोलायला तयारी जास्त लागते, म्हणून तासांवर दर कापू नये. बाईंना गुरुजींपेक्षा कमी देण्याची रीत तर कुणीच मान्य करू नये.

या कामाला कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्रातल्या विवाहनोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची माहिती आणि सही लागते. बालविवाह लावणाऱ्याला 2006 च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून इसार घेण्याआधी दोघांच्या वयाचे दाखले डोळ्यांखालून घालावेत: मुलगी 18 पूर्ण, मुलगा 21 पूर्ण. दाखला द्यायला टाळाटाळ झाली तर कितीही रक्कम देऊ केली तरी ते लग्न घेऊ नये. सहीचे वेगळे पैसेही मागू नयेत, ती कामाचाच भाग आहे.

इसार साधारण चौथा हिस्सा पुरे. लग्न मोडलं किंवा तारीख बदलली तर त्याचं काय, हे एका ओळीत लिहून पाठवावं; हल्ली व्हॉट्सॲपवर एवढं सहज होतं. घरात मृत्यू झाल्यामुळे लग्न पुढे गेलं तर इसार तसाच नव्या तारखेला धरावा. गरजू घराला कमी घ्यायचं असेल तर मोकळ्या मनाने घ्यावं, पण तेही आधी ठरवून, आणि विधीत काटछाट न करता.

धार्मिक विधी करून देण्याच्या सेवेवर जीएसटी लागत नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र दक्षिणा हे उत्पन्नच आहे, म्हणून प्रत्येक लग्नाची रक्कम, मदतनिसांना दिलेले पैसे आणि प्रवासखर्च तारखेनिशी वहीत लिहावा. पुढच्या हंगामाआधी तीच वही उघडून, मिळालेल्या लग्नांचा खरा आकडा घेऊन दर पुन्हा मांडावा.