एका अक्षराची चूक
रेणवीय जीवशास्त्राची परिभाषा आपल्याच दालनातली आहे. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली पोथी. तिच्यातला एकेक अध्याय म्हणजे जनुक. जनुकाची आरएनएमध्ये नक्कल उतरते, ते प्रतिलेखन. नकलेवरून प्रथिन घडते, ते भाषांतरण. तीन अक्षरांचा शब्द तो कोडॉन. असे शब्द ६४. त्यांची उकल करणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते, १९६८ चे नोबेल त्यासाठीच.

हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झाले, की सिकलसेलचा दोष येतो. आईवडील दोघांकडूनही सदोष प्रत आली, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मूल आजारी पडते. एकाकडूनच आली, तर ते केवळ वाहक. सातपुड्यातल्या पाड्यांवर हा आजार आढळतो. ‘वाहक म्हणजे रोगी नव्हे’ हे तिथल्या बोलीत सांगता येणे, हीच परिभाषेची कसोटी.