रोजच्या वाचनातून वाढणारी श्रद्धा

1616 साली गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. या ग्रंथामागे वाचकांची मागणी होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो ग्रंथाच्या आरंभीच नोंदलेला आहे. इंग्लंडहून आलेल्या या जेझुइट धर्मगुरूने त्याला मराठी ओवीत उत्तर दिले, तेही सुमारे अकरा हजार ओव्यांचे. 1649 आणि 1654 मध्ये ग्रंथ पुन्हा छापावा लागला. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवर बंधने घातली. तरीही लोकांनी हाताने प्रती उतरवून पुराण जपले आणि त्यांपैकी काही मंगळूर परिसरातील घरांत पोहोचल्या. 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी नवी आवृत्ती सिद्ध केली ती अशाच हस्तलिखितांवरून.

बाप्तिस्मा एका दिवसात होतो, श्रद्धा वाढायला मात्र आयुष्य लागते, हे त्या वाचकांना कळले होते. त्या वाढीसाठी नियमित वाचनाइतके खात्रीचे साधन दुसरे नाही, असे मला वाटते. ख्रिस्ती परंपरेच्या आणि विशेषतः मराठी ख्रिस्ती परंपरेच्या इतिहासात त्याचे पुरावे जागोजागी आहेत.

परिपाठ जुना आहे

येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचायला उभा राहिला, तो प्रसंग लूकने सांगितला आहे. शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा येशूचा परिपाठ होता, हेही लूक आवर्जून नोंदवतो. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावचे लोक येतात. पौलाने सांगितलेले खरे आहे की नाही, हे ते दररोज शास्त्र उघडून पाहत आणि यासाठी त्यांचे कौतुकच झाले आहे. स्वतः पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना अंगरख्याबरोबर आपली पुस्तके आणि चर्मपत्रे मागवतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात कामाच्या तासांइतकेच वाचनाचे तास काटेकोरपणे ठरवून दिले आहेत. उपवासकाळात प्रत्येकाला एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावा, असाही नियम आहे. बाराव्या शतकात गिगो दुसरा या कार्थुजियन मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. 1842 मध्ये स्कॉटलंडमधील डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी आपल्या मंडळीला वर्षभराचे वाचनपत्रक आखून दिले. ते पाळणाऱ्याचा जुना करार वर्षात एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचे आवाहन केले. त्यानंतर रविवारच्या मिस्सासाठी तीन वर्षांचे वाचनचक्र आले.

या साऱ्या पद्धतींत एक सूत्र समान आहे. काय वाचायचे, हे वाचकाच्या त्या दिवशीच्या लहरीवर सोडलेले नाही. सलग वाचणाऱ्याला दिलासा देणारे 23वे स्तोत्र भेटते, तसा गरिबांना तुडवणाऱ्यांवर कडाडणारा आमोसही भेटतो. देवालाच जाब विचारणारा ईयोब भेटतो आणि शत्रूवर प्रीती करा असे सांगणारा येशूही. आवडीची वचने निवडून वाचणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचेच मत पुन्हा ऐकत असतो. नियमित वाचन ही पळवाट बंद करते आणि आध्यात्मिक वाढ तिथूनच सुरू होते.

मराठी साक्षी

नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक ते पुस्तक भक्तिभावाने वाचायला बसले नव्हते. हाती पेन्सिल घेऊन तपासत वाचण्याची त्यांची सवय होती. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र ते थबकले; तिथून त्यांना बाजूला होता येईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर तो वज्राघात होता. ताटातूट, दुःख आणि विचार यांतून स्वतःची वाट काढत त्या काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईंनी पुढे टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्याला अक्षय ठेवा दिला.

त्यांच्या आधीच्या पिढीतले बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. शंका, वाचन आणि पुन्हा शंका असा त्यांच्या मनाचा प्रवास ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आहे.

या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पंडिता रमाबाईंचा अनुभव. सिल्चर येथे असताना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या वाचनात आले आणि 1883 मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त आपल्याला अजून लाभलेला नाही. ही जाणीव तीव्र होण्यात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनाचाही वाटा होता, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेली, जगभर गौरवलेली ही विदुषी बाप्तिस्म्यानंतरही शिकणारी राहिली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. आयुष्याची अखेरची वर्षे या कामाला देऊन एप्रिल 1922 मध्ये त्यांनी देह ठेवला. मिशनच्याच छापखान्यातून 1924 मध्ये ते बायबल बाहेर पडले.

ग्रंथाला नियतकालिकाची जोड

शास्त्र रोजच्या जगण्याशी जोडायला समकालीन लेखन लागते. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरला सुरू केलेले ‘ज्ञानोदय’, 1903 पासूनचे जेझुइटांचे ‘निरोप्या’ आणि वसईचे ‘सुवार्ता’ यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ते ख्रिस्ती नसलेल्या वाचकांपर्यंतही गेले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे दिब्रिटो हिरव्या वसईसाठी रस्त्यावरही उतरले होते. वाचलेले शास्त्र घराच्या उंबऱ्याबाहेर कसे चालते, हे त्यांच्या आयुष्यात दिसले.

आज बायबल मोबाइलमध्ये आहे आणि ऐकताही येते. ही सोय मोठी आहे, विशेषतः दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी. पण रोज सकाळी एक वचन पुढे पाठवले की वाचन झाले, असे मानणे घातक आहे. वचनाच्या मागेपुढे काय आहे, ते कोणाला आणि कोणत्या संकटात सांगितले गेले, हे कळल्याशिवाय ते आपल्याला बदलू शकत नाही. म्हणून थोडे वाचावे, पण क्रमाने आणि ठरल्या वेळी वाचावे. अडलेल्या जागी खूण करून पाळकांना, धर्मगुरूंना विचारावे. शक्य तिथे घरातल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, म्हणजे मराठीही त्यांच्या कानी राहील. आणि शास्त्राच्या जोडीला वर्षात एक तरी साक्ष वाचावी. ‘स्मृतिचित्रे’पासून आरंभ केला तर उत्तमच.

वाचकांना माझे एक आवाहन आहे. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय 24 आहेत. येत्या 1 डिसेंबरला पहिला अध्याय उघडा, रोज एक वाचा; नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते पूर्ण होईल. नाताळनंतर प्रेषितांची कृत्ये लगेच हाती घ्या, कारण लूकने पुढची हकिगत तिथे सांगितली आहे.