बैलाची लघवी तुंबते तेव्हा

गुरांच्या मूत्रपिंडावर थेट शस्त्रक्रिया क्वचितच होते. बैलाचे मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखे खंडाखंडांचे असते आणि डावे मूत्रपिंड पोटाच्या रेट्याने उजवीकडे सरकलेले असते. एक मूत्रपिंड पुवाने किंवा तुंबलेल्या लघवीने निकामी झाले आणि दुसरे धड असेल, तरच ते काढता येते. गोठ्यात दिसणारा खरा शत्रू मूतखडा. त्याने अडलेल्या लघवीचा दाब उलट वर चढून मूत्रपिंडालाच फुगवतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबारा, नवापूर भागात भातशेती आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते, कोंड्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी. त्यात हिवाळ्यात जनावर पाणी कमी पिते. लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. गायीची मूत्रनलिका आखूड व रुंद असल्याने खडा बहुधा निघून जातो. बैलाची नलिका लांब, अरुंद आणि इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली, खडा त्या वळणावर अडतो. बोकडात तो टोकाच्या बारीक शेपटीवजा भागात अडकतो. लहानपणीच खच्ची केलेल्या नरात नलिका नीट वाढत नाही, म्हणून धोका वाढतो.

बैल पाय ताणून उभा राहतो, शेपटी उचलून कुंथतो, थेंब थेंब लघवी होते किंवा तीही नाही. लघवीच्या जागेचे केस कोरडे असतात, त्यांना वाळूसारखे कण चिकटलेले दिसतात. मालकाला बद्धकोष्ठ वाटते, आणि इथेच वेळ जातो. लघवी सुटावी म्हणून औषध पाजणे तर घातकच; वाट बंद असताना मूत्राशय आणखी भरते. ते फुटले की कुंथणे थांबते, जनावर शांत वाटते. ही फसवी शांतता. नंतर पोट दोन्ही बाजूंनी सुटते आणि रक्तात विष चढते.

बोकडाच्या नलिकेचे टोक छाटले तरी काही वेळा वाट मोकळी होते. बैलात जागा बधिर करून नलिकेवर छेद घेतात आणि खडा काढतात. मूत्राशय धोक्यात असेल तर त्यात फोली कॅथेटर ही नळी बसवून लघवी बाहेर काढतात. काही दिवस अमोनियम क्लोराईड देऊन लघवी आम्लधर्मी केली की काही प्रकारचे खडे विरघळतात, मात्र सिलिकाचे नाही. मूत्राशय फुटण्याआधी जनावर आले, तर यशाची शक्यता बरीच वाढते.

कोंडा बेताने द्यावा, मीठ व भरपूर पाणी ठेवावे, गोऱ्ह्याला फार लवकर खच्ची करू नये. लघवी अडल्याचे दिसले की त्याच दिवशी पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा.