डोंबिवलीच्या नावाची संख्या

ठाण्याहून लोकलने कल्याणकडे जाताना वाटेत डोंबिवली स्टेशन लागते. गणितातील काही संख्यांना या स्टेशनावरून नाव मिळाले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. त्यांपैकी एका मोठ्या संख्येची आज ओळख करून घेऊ.

प्रथम हे गुणाकार पाहा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असेच पुढे जात नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणा. उत्तर येते :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकी संख्या आहे. उर्दू आपण उजवीकडून वाचतो, मराठी डावीकडून. या संख्येचे अंक कोणत्याही बाजूने वाचा, क्रम तोच राहतो!

असे का होते? १११ × १११ हा गुणाकार मांडून पाहा. १११ तीनदा लिहावे लागतात. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून एककाच्या घरात एक १ येतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. पुढे पुन्हा दोन आणि एक. नऊ वेळा १ घेतले, तर मधल्या घराची बेरीज ९ होते. हातचा येत नाही. दहा वेळा १ घेतले, की तेथे १० होतात, हातचा येतो आणि ही सुंदर रचना मोडते.

आणखी एक गंमत आहे. या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ८१ येते. संख्येला ८१ ने भागा. बाकी शून्य उरते. ८१ ने गुणा. ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो!

या संख्यांचा अभ्यास दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केला. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. माध्यमिक शिक्षण त्यांनी ठाण्यात घेतले. या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनावर सुचली, म्हणून त्यांनी हे नाव दिले. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नव्हती. त्यांचे काम म्हणजे केवळ अंकांचा खेळ, असे म्हणून काही विद्वान हसत. तरीही त्यांनी पदरचे पैसे खर्चून पुस्तिका छापल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लेख लिहिला, आणि या शाळामास्तरांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, कापरेकरांजवळ कागद, पेन्सिल आणि चिकाटी होती. तेवढे तुमच्याजवळही आहे. आता १२३२१ घ्या. तिच्या अंकांची बेरीज करा आणि त्या बेरजेने तिला गुणा. कोणत्या संख्येचा वर्ग मिळतो? का मिळतो, तेही शोधा.