वकिलाला पहिला फोन: ऐकीव गोष्टी आणि कायदा

फौजदारी वकिलाला येणारा पहिला फोन बहुतेक वेळा आरोपीचा नसतो. त्याचा मोबाइल तोवर पोलिसांच्या ताब्यात गेलेला असतो. फोन करतो भाऊ, मेहुणा, बायको, नाहीतर गल्लीतला एखादा ‘जरा जाणकार’ माणूस. बोलणं साधारण असं चालतं:

“साहेब, भावाला उचललंय. त्याने काहीच केलेलं नाही. ती माणसं पहिल्यापासून आमच्या वाइटावर आहेत. म्हणजे झालं काय, दोन वर्षांपूर्वी बांधावरून—”

“ते नंतर. कुठल्या पोलीस स्टेशनला नेलंय?”

“ग्रामीणला.”

“किती वाजता?”

“दुपारी. जेवून उठला होता.”

“घड्याळात किती?”

“दोन... सव्वादोन असतील.”

“अटक दाखवलीय, की नुसतं बसवून ठेवलंय? कलमं कुठली? गुन्हा रजिस्टर नंबर मिळाला?”

फोन करणाऱ्याला वाटतं, वकील तुसडा आहे, आपलं ऐकूनच घेत नाही. बांधाचं भांडण त्याच्या दृष्टीने सगळ्याचं मूळ असतं, आणि खटला उभा राहिला तर ते कदाचित महत्त्वाचंही ठरेल. पण त्या रात्री वकिलाला वेळ हवी असते. संविधानाचा अनुच्छेद 22 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 58 सांगतं, की अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करायलाच हवं. दुपारी सव्वादोनला नेलेल्या माणसाची अटक कागदावर रात्री अकराला दाखवली, तर मधल्या पावणेनऊ तासांचा जाब उद्या कोर्टात विचारता येतो. माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की अटक झाली, कागदावरची वेळ काहीही असो, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1990 सालीच कस्टम्सच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून ‘जेवून उठला होता’ हे उत्तर पुरत नाही. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, शेवटचा फोन, हॉटेलचं बिल, काय असेल ते तेव्हाच टिपून ठेवावं.

शुक्रवारी उचललं म्हणजे सोमवारपर्यंत आत, असंही लोक छातीठोकपणे सांगतात. 24 तासांच्या नियमाला रविवार, दिवाळी काही नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायाधीश उपलब्ध असतात. त्या दिवशी जामिनाचा निकाल लागेलच असं नाही, पण माणूस न्यायाधीशासमोर उभा राहतो. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं त्याला तिथे विचारलं जातं. शेजारी पोलीस उभे असताना दहातले नऊ जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात आणि ते ‘नाही’ आदेशात लिहिलं जातं. मारहाण झाली असेल तर ती तिथेच सांगायची असते, हे वकिलाने आदल्या रात्री सांगून ठेवायला हवं.

‘साहेबांनी एक फोन फिरवला की सुटेल’

सिनेमात वकील ठाण्यात येतो, टेबलावर कागद आपटतो आणि माणसाला घेऊन जातो. प्रत्यक्षात काय होणार हे कलमांवर ठरतं. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच मिळतो. जामीनदार उभा करायची ऐपत नसलेल्याला जातमुचलक्यावर सोडण्याचीही तरतूद आहे. अजामीनपात्र आणि गंभीर गुन्ह्यात मात्र निर्णय कोर्टाचा. वकिलाचा पोलीस निरीक्षकाशी कितीही घरोबा असला तरी त्यात फरक पडत नाही, आणि पडतो असं सांगणाऱ्या वकिलापासून मी तरी चार हात लांब राहीन.

याच्या उलट टोकाची घबराट ‘एनसी’ची. शेजाऱ्याने एनसी केली म्हणून रात्रभर न झोपलेली माणसं सकाळी सहाला वकिलाला उठवतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. अशा फोनवर वकील नोंदीचा नंबर लिहून घेतो, शेजाऱ्याशी पुन्हा हुज्जत घालू नका म्हणतो आणि ठेवतो. दोन मिनिटांत ठेवला म्हणून राग मानू नये.

‘आपण काही केलं नाही, मग वकील कशाला? उलट संशय येईल’

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा समज हाच, आणि तो शिकल्यासवरल्या घरांत जास्त दिसतो. ‘चहा प्यायला या, दोन प्रश्न विचारायचेत’ म्हणून बोलावणं येतं, माणूस एकटाच जातो आणि चार तासांनी घरी फोन येतो.

पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार अनुच्छेद 22 मध्येच लिहिला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद 20(3) मुळे करता येत नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीलाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. अटकेनंतरच्या चौकशीत वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण चौकशीभर तो शेजारी बसून राहू शकत नाही. संहितेचं कलम 38 एवढंच देतं. वकील सोबत असेल तर पोलीस काही विचारूच शकणार नाहीत, हीसुद्धा ऐकीव गोष्ट.

‘जाऊच नका, गायब व्हा’ हा सल्ला नाक्यावर फुकट मिळतो. जबाबदार वकील बहुतेकदा उलट सांगतो. संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस आली असेल तर जायचं, वेळेवर जायचं, आणि गेल्याची पोच घ्यायची. जोवर माणूस नोटिसीप्रमाणे हजर राहतो, तोवर त्या गुन्ह्यात त्याला अटक करायची असेल तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. गैरहजर राहिला की अटकेचं कारण त्याने स्वतःच हातात दिलं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असंही 2025 च्या जानेवारीत सांगितलं. तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘नोटीस’ आली तर घाबरून नंबरवर उलट फोन करू नये, ती वकिलाला दाखवावी. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणू लागला तर तो सरळ भामटा. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवायचा आणि 1930 वर तक्रार करायची.

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाई, 15 वर्षांखालचा मुलगा किंवा 60 च्या पुढचा पुरुष यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, कायदाच तसं म्हणतो. ‘इथे सही करा’ म्हणून पुढे येणारा कागद पंचनामा आहे, नोटिसीची पोच आहे की आणखी काही, हे वाचूनच पेन उचलावं. कोऱ्या कागदावर सही कुणी मागितली तर करायची नाही.

अटकपूर्व जामिनाबद्दल एवढंच: गुन्हा दाखल होईपर्यंत थांबावं लागत नाही. अटकेची वाजवी भीती पुरते, हे 1980 पासून ठरलेलं आहे. पण ॲट्रॉसिटी कायद्यासारख्या काही ठिकाणी ही वाट मुळातच बंद केलेली आहे. म्हणून वकील आधी कलमं विचारतो, मग आशा दाखवतो.

‘खरं सांगितलं तर वकीलच सोडून देईल’

वकिलाशी सल्ल्यासाठी झालेलं बोलणं गोपनीय असतं. अशिलाच्या परवानगीशिवाय ते उघड करायला भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 वकिलाला मनाई करतं. बार कौन्सिलचे नियम तर म्हणतात, की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं खासगी मत काहीही असलं तरी त्याने बचाव करायचा. कसाबला वकील दिल्यावर आपल्याकडे किती आरडाओरडा झाला, ते आठवत असेल. त्याच खटल्याच्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार वकील देईल, हे सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

गोपनीयतेला दोन भोकं आहेत, आणि दोन्ही पहिल्याच फोनला पडतात. पहिलं, स्पीकर. घरचे सगळे भोवती बसलेत, मेहुणा मधूनमधून दुरुस्त्या करतोय, आणि फोन ठाण्याच्या व्हरांड्यातून लावलाय. जे दहा जणांनी ऐकलं ते गोपनीय कसलं? अशा वेळी शहाणा वकील घटनेबद्दल काही विचारतच नाही, भेटायला बोलावतो. दुसरं, हमखास येणारा प्रश्न: ‘साहेब, मोबाइलमधले चॅट उडवून टाकू का?’ पुढे करायच्या गुन्ह्यासाठी मागितलेल्या सल्ल्याला गोपनीयतेचं कवच नाही, आणि पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. मूळ प्रकरणात सुटणारी माणसं यात अडकतात. आणि उडवलेलं परत काढता येतं, ते निराळंच.

फोन भावाने केला, पैसेही भाऊच देणार, तरी अशील आत बसलेला माणूस. वकीलपत्रावर सही त्याची. आत त्याने वकिलाला काय सांगितलं हे वकील भावाला सांगायला बांधील नाही, आणि न सांगणारा वकीलच चांगला. घरच्यांना हे पचायला जड जातं, विशेषतः ज्याने फी भरली त्याला.

‘शंभर टक्के जामीन’

जामिनाची हमी देणारा एकतर कायदा जाणत नाही किंवा तुमचा घायकुतीला आलेला जीव जाणतो. निकालावर ठरणारी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकिलांना जाहिरात करायलाही बंदी आहे. कोर्टाच्या आवारात ‘जामीन लगेच करून देतो, जामीनदारासकट’ म्हणत मागे लागणारा इसम बहुधा वकीलच नसतो.

फीचं मात्र पहिल्या फोनलाच स्पष्ट विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रिमांडला उभं राहणं, जामीन अर्ज, पुढचा खटला, ही वेगवेगळी कामं आहेत आणि बहुतेकदा त्यांची फी वेगळी असते. ‘केस घेतली’ म्हणजे वकिलाच्या मनात फक्त जामीन आणि घरच्यांच्या मनात निकालापर्यंतचा खटला, हे भांडण वर्षभराने हमखास उभं राहतं. काय ठरलं ते लिहून घ्या. कोर्टात स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार, हेही विचारा. आणि मुंबईचं मोठं नाव शोधण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा पहिल्या रिमांडला तालुक्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील बरा.

पैसेच नसतील तर? सरकारी मोफत वकील म्हणजे नावापुरता, हा समजही पुसायला हवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतली कोणतीही व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न विचारता वकील मिळतो. या हक्काच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईतल्या कोठड्यांमधल्या स्त्रियांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली पोलिसांना बंधन घातलं, की अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं. आता अनेक जिल्हा न्यायालयांत लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील फक्त फौजदारी बचावाचंच काम करतात. हेल्पलाइन 15100. तिथे फोन लावताना हाताशी तेच ठेवायचं: पोलीस स्टेशनचं नाव, नेल्याची वेळ, मिळाला असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर, आणि आत असलेल्याचं आधारवर आहे तसं पूर्ण नाव. घरी सगळे ज्याला ‘बाळू’ म्हणतात, तो रजिस्टरमध्ये सापडत नाही.