वाघाची बातमी आधी कोणाला कळते?

मे महिना म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम. सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या बायका उजाडायच्या आत शिदोरी बांधून जंगलाकडे निघतात. आदल्या रात्री गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाघाचा फोटो येऊन पडलेला असतो. तो सगळ्यात आधी दिसतो रील्स पाहत जागणाऱ्या नातवाला. जंगलात जायचं असतं आजीला, आणि तिच्याजवळ मोबाईलच नसतो.

2025च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. अशा मुलखात कोणत्या वयाचं माणूस मोबाईलवर काय बघतं, हा प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो.

2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातली पोरंही मोबाईलवर आली. 2020मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर ती रील्स आणि शॉर्ट्सकडे वळली. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचा 2024चा अहवाल सांगतो, की देशाच्या ग्रामीण भागात 14 ते 16 वयाच्या 80 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं 57 टक्के होती, सोशल मीडिया पाहिलेली 76 टक्के.

चाळिशीतल्या माणसाचा सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर: धानाचा भाव, लग्नपत्रिका, स्टेटसला झाडीपट्टी नाटकाचं पोस्टर. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो. तेव्हा टावर असलंच, तर माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्याला मराठीत टाईप करण्यापेक्षा आवाजातला निरोप सोयीचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष 57 टक्के होते, बायका 33 टक्के. ही पाहणी बायकांच्या बाबतीत 49 वर्षांपर्यंतच. म्हणजे आजीची त्यात मोजदादच नाही.

आलेली प्रत्येक बातमी खरी असते असंही नाही. नोव्हेंबर 2025मध्ये ब्रह्मपुरीच्या फॉरेस्ट गेस्ट हाऊसमध्ये वाघाने माणसावर झडप घातल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तो एआयने बनवलेला, खोटा असल्याचं वनविभागाने सांगितलं. अशा वेळी खरं-खोटं पारखून घरात सांगायचं काम नातवाकडेच येतं.

म्हणून वाघाची सूचना फोटोसोबत आवाजातही यावी, गावच्या बोलीत यावी, आणि कोतवालाची दवंडी बंद पडू नये.

नातू फोटो मोठा करून आजीपुढे धरतो. नाल्याकाठचं मोहाचं झाड ती लगेच ओळखते आणि बाकीच्या बायकांना सांगायला शेजारच्या अंगणात जाते.